लिंकनवरचं भाषण पोरांकडून कसं बसवून घ्यायचं

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वक्तृत्व स्पर्धांची पत्रकं यायला लागतात आणि विषयांच्या यादीत अब्राहम लिंकन बहुतेक वेळा असतोच. गेली बरीच वर्षं मी खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावात संध्याकाळी घरी पोरं गोळा करून भाषणं बसवून घेते, त्यातून जे जमलं ते इथं लिहितेय, कुणाच्या आईला, काकाला, नवीन लागलेल्या बाईंना उपयोगी पडेल म्हणून. आठवी ते दहावीच्या पोरांसाठी आहे आणि भाषण पाच मिनिटांचं धरलंय.

पहिलं काम म्हणजे लिंकननं मुलाच्या हेडमास्तरांना लिहिलं म्हणतात ते पत्र बाजूला ठेवायचं. मला माहितेय की ते आपल्या सगळ्यांना आवडतं, शाळेच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेलं असतं, मीसुद्धा लहानपणी पाठ केलं होतं. पण लिंकनची पत्रं, भाषणं, चिठ्ठ्या सगळं गोळा करून छापलेलं आहे आणि त्यात हे पत्र कुठंच नाही. मजकूर चांगला असला तरी तो त्याचा म्हणून सांगायचा नाही. माझी एक नववीतली पोरगी पत्र न घेता बोलली तर परीक्षकांनी तिला विचारलं, बाळ, पत्राचा उल्लेख कसा नाही? तिनं शांतपणे कारण सांगितलं, तरी नंबर आला नाही. ती रडली, मलाही वाईट वाटलं, पण पुढच्या वर्षी मी पत्र परत घातलं नाही, घालणारही नाही. पोराच्या तोंडून खोटं पाठ करून घेऊन मिळवलेली ढाल मला घरात नको.

तसंच व्हॉट्सॲपवर फिरणारी ती 'इतक्या वेळा हरला' वाली यादी. हरला हे खरं, १८३२ ला विधानसभेला हरला, १८५५ आणि १८५८ ला सिनेटला, म्हणजे तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाला, हरला. पण मधे १८३४ पासून ओळीनं चार वेळा इलिनॉयच्या विधानसभेवर निवडून आला ते त्या यादीनं मनावर ठसतच नाही, जन्मभर पडतच होता आणि एकदम प्रेसिडेंट झाला असं पोरांना वाटतं. आणि लिंकन आणि नंतरचा प्रेसिडेंट केनेडी यांच्या योगायोगांचा मेसेज फिरतो, त्यातलं लिंकनच्या सेक्रेटरीचं नाव केनेडी होतं ते तर अगदीच चूक, त्याचे सेक्रेटरी जॉन निकोले आणि जॉन हे.

आता भरायचं काय. आयुष्य सगळं सांगायला गेलं की पोरगं सनावळीत अडकतं आणि तिसऱ्या मिनिटाला विसरतं. म्हणून सगळं आयुष्य शिकवणाऱ्यानं नीट माहिती करून घ्यायचं आणि पोराला त्यातलं एकच वळण द्यायचं, बाकीचं चार वाक्यात. माहिती अशी: १२ फेब्रुवारी १८०९ ला केंटकीत लाकडी ओंडक्यांच्या झोपडीत जन्म, १८१६ ला घर इंडियानात, १८३० ला इलिनॉयमध्ये, शाळा सगळी मिळून एक वर्षसुद्धा नाही, दुकान काढलं ते बुडालं, पोस्टमास्तर, मोजणीदार, १८३६ ला वकिलीचा परवाना, १८४२ ला मेरी टॉडशी लग्न, चार मुलगे, १८४७ ते ४९ एक टर्म खासदार, १८६० ला प्रेसिडेंट म्हणून निवडून आला, ४ मार्च १८६१ ला शपथ, १८६४ ला परत निवडून आला आणि १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरात गोळी, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. बस.

वळण कुठलं निवडायचं ते पोरावर. जंगलाच्या कडेच्या गावातलं पोरगं असेल तर मी आईचा प्रसंग देते. लिंकन नऊ वर्षांचा असताना १८१८ ला त्याची आई नॅन्सी गेली, ती 'दुधाच्या आजारानं'. रानात सावलीला एक पांढऱ्या फुलांचं झुडूप यायचं, गाई चरताना ते खायच्या आणि त्याचं विष दुधात उतरायचं, ते दूध पिणारी माणसं दगावायची. कशानं माणसं मरतात हे तेव्हा तिथल्या लोकांना कळलेलंच नव्हतं. आमच्याकडची पोरं स्वतः गुरं घेऊन रानाकडं जातात, कुठला पाला गुराला द्यायचा नाही हे त्यांना आज्जीनं सांगितलेलं असतं, त्यामुळं हे सांगताना त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, शिकवावं लागत नाही. मग वर्षभरानं सावत्र आई आली, सारा, तिनं या पोराला वाचू दिलं, जीव लावला. सावत्र आई म्हटलं की पोरं लगेच वाईटच रंगवतात, तिथं थांबवा. लिंकननं तिचं नाव शेवटपर्यंत मायेनं घेतलं.

दुसरं वळण कर्जाचं. न्यू सेलम गावात भागीदारीत काढलेलं किराणा दुकान बुडालं, मग भागीदारही वारला आणि सगळं देणं याच्या डोक्यावर आलं. मोजणीचं काम करून पोट भरत होता तर ज्यांचे पैसे द्यायचे होते त्यांनी कोर्टातून त्याचा घोडा आणि मोजणीची हत्यारं जप्त करून लिलावात काढली. एका मित्रानं ती बोलीत घेतली आणि त्याची त्याला परत दिली. कर्ज फेडायला त्याला कितीतरी वर्षं लागली पण फेडलं. मोजणीदार म्हणजे काय ते आपल्या पोरांना सांगावं लागत नाही, बांधावर साखळी टाकून उभा राहिलेला माणूस प्रत्येकानं बघितलाय.

राजकारणाचा भाग आला की पोरं गडबडतात, आणि त्यात आपलीच चूक असते, आपण नीट समजावलेलं नसतं. १८५४ मध्ये कॅन्सस-नेब्रास्का कायदा झाला, म्हणजे नवीन प्रदेशात गुलामगिरी ठेवायची की नाही ते तिथल्या गोऱ्या लोकांनी मतानं ठरवायचं. हा कायदा आणणारा सिनेटर स्टीफन डग्लस. वकिलीत रमलेला लिंकन या कायद्यानं पेटून परत राजकारणात आला. चार वर्षांनी त्याच डग्लसविरुद्ध सिनेटला उभा राहिला, दोघांच्या सात जाहीर वादसभा झाल्या, एकेक तीन तास, पहिल्यानं एक तास बोलायचं, दुसऱ्यानं दीड तास, परत पहिल्यानं अर्धा तास. आणि तेव्हा सिनेटर लोक निवडून देत नव्हते, राज्याची विधानसभा द्यायची, आपल्याकडं राज्यसभेला आमदार मत घालतात तसं. हे सांगितलं की पोराला कळतं की सभा गाजवूनही तो हरला कसा.

इथं एक खबरदारी. डग्लस दोन आहेत. एक हा स्टीफन डग्लस, गोरा, लिंकनचा विरोधक. दुसरे फ्रेडरिक डग्लस, जे स्वतः गुलामगिरीतून पळून आले, मोठे वक्ते झाले, लिंकनवर टीका करायचे आणि त्याला भेटून त्याचा मानही ठेवायचे. स्टेजवर या दोघांची अदलाबदल झालेली मी दोनदा ऐकलीय. पोराला पूर्ण नावच घ्यायला लावा.

१८६० ची निवडणूक चौरंगी झाली. लिंकनला मतं शंभरातली चाळीससुद्धा पूर्ण नाहीत, दक्षिणेतल्या बहुतेक राज्यांत तर त्याच्या नावाची मतपत्रिकाच नव्हती, पण उत्तरेतली राज्यं मिळाल्यानं ३०३ पैकी १८० इलेक्टोरल मतं, म्हणजे प्रेसिडेंट ज्यावर ठरतो ती राज्याराज्यांची मतं, पडली. तो शपथ घ्यायच्या आधीच दक्षिणेतली गुलामगिरीवाली सात राज्यं देशातून फुटून निघाली होती, एप्रिल १८६१ ला युद्ध पेटल्यावर आणखी चार गेली.

आणि आता जे मी दरवर्षी सगळ्यात जास्त वेळ घेऊन समजावते ते. फुटलेली अकरा राज्यं आणि उत्तरेतली राज्यं यांच्या मधे काही राज्यं अशी होती जिथं गुलामगिरी होती पण ती फुटली नाहीत, डेलावेअर, मेरीलँड, केंटकी, मिसुरी. त्यांना इतिहासात सीमेवरची राज्यंच म्हणतात. लिंकन जन्मला ते केंटकी त्यातलंच. तिथं एका घरातला एक भाऊ इकडच्या फौजेत आणि दुसरा तिकडच्या. लिंकनच्या स्वतःच्या बायकोचं माहेर केंटकीचं, तिचे सावत्र भाऊ दक्षिणेकडून लढले, तिच्या बहिणीचा नवरा दक्षिणेचा जनरल होता तो १८६३ ला लढाईत मेला. आपल्याकडं तसलं युद्ध नाही आणि कधी नको, पण सीमा म्हणजे काय हे बेळगावच्या पोराला पुण्याच्या पोरापेक्षा लवकर कळतं. आत्या चंदगडला दिलेली, मामा गडहिंग्लजला, आपण इकडं, घरात मराठी आणि बसवर कन्नड पाटी. नकाशावरची रेघ नात्यांतून जाते हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही, तेवढं त्याला त्याच्या शब्दात बोलू द्या की.

या राज्यांमुळंच मुक्तीचा जाहीरनामा समजतो. १ जानेवारी १८६३ चा तो जाहीरनामा फक्त बंडखोर भागातल्या गुलामांना लागू होता, सीमेवरच्या राज्यांना नाही. एक तर ती राज्यं शत्रूच्या बाजूला जातील ही भीती, आणि दुसरं म्हणजे युद्धातला सेनापती म्हणून त्याला जो अधिकार होता तो शत्रूच्या मुलखापुरताच होता. म्हणून 'एका सहीनं सगळे गुलाम मुक्त झाले' हे वाक्य खोडायचं. सुमारे ४० लाख माणसं गुलामगिरीत होती, गुलामगिरी सगळीकडून कायमची संपली तेराव्या घटनादुरुस्तीनं, ती लिंकननं खटपट करून ३१ जानेवारी १८६५ ला प्रतिनिधीगृहात पास करून घेतली आणि राज्यांची मंजुरी पूर्ण व्हायला डिसेंबर उजाडला, तोवर तो जाऊन आठ महिने होत आले होते. शिवाय जाहीरनाम्यानं काळ्या माणसांना फौजेत भरती खुली झाली, पावणेदोन लाखांहून जास्त लोक उत्तरेकडून लढले. आपलं स्वातंत्र्य त्यांनी स्वतः रक्त सांडून मिळवलं, लिंकननं दान दिलं असं पोराच्या तोंडात येऊ देऊ नका.

दहावीची पोरं असतील तर मी काळी बाजूपण सांगते. १८५८ च्या एका वादसभेत गोऱ्या-काळ्यांची सामाजिक आणि राजकीय बरोबरी मला नको असं तो बोलला होता. डिसेंबर १८६२ ला मिनेसोटात डकोटा जमातीच्या ३८ जणांना एकाच दिवशी फाशी झाली ती त्याच्या सहीनं, जरी शिक्षा झालेल्या तीनशेहून जास्त लोकांतल्या बहुतेकांची फाशी त्यानंच रोखली होती. आणि तोच माणूस ११ एप्रिल १८६५ च्या शेवटच्या भाषणात काही काळ्या लोकांना, खास करून सैनिकांना, मताचा हक्क द्यावा म्हणाला. गर्दीत जॉन विल्क्स बूथ ऐकत उभा होता, तीन दिवसांनी त्यानंच गोळी घातली. माणूस बदलत गेला, हे मला त्याच्यात सगळ्यात मोठं वाटतं आणि भाषणातही हेच सगळ्यात चांगलं उभं राहतं.

आपल्या मातीतला एक धागा जोडायचाच. महात्मा फुल्यांनी १८७३ ला 'गुलामगिरी' छापली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्या सदाचारी लोकांना, हे एक वाक्य मराठी पोराच्या भाषणात पाहिजेच. सौंदत्ती, बैलहोंगलकडचं पोरगं असेल तर कापूस द्या. लिंकननं दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस मिळेना, मग मुंबईला कापसाचे भाव आभाळाला गेले. धारवाडकडं अमेरिकन बियाण्याचा कापूस आधीच लागत होता, त्याला धारवाड-अमेरिकन असंच नाव पडलेलं. १८६५ ला युद्ध थांबलं आणि भाव कोसळले. ज्या काळ्या जमिनीत आपला आजा राबला तिचा लिंकनशी संबंध आहे म्हटल्यावर पोराचे डोळे चमकतात, बघा तुम्ही.

लांबीचं म्हणाल तर गेटिसबर्गची गोष्ट पोराला आधीच सांगून ठेवा. १९ नोव्हेंबर १८६३ ला त्या रणभूमीवर मुख्य वक्ते एडवर्ड एव्हरेट दोन तास बोलले, लिंकन सुमारे २७० शब्द, दोन-तीन मिनिटं. दुसऱ्या दिवशी एव्हरेटनीच त्याला लिहिलं की तुमच्या दोन मिनिटांइतकं माझ्या दोन तासांत साधलं असतं तर बरं वाटलं असतं. आगगाडीत पाकिटावर खरडलेलं भाषण ही दंतकथा, सुरुवातीच्या मसुद्याचं पहिलं पान सरकारी छापील कागदावर शाईनं लिहिलेलं आहे, म्हणजे तयारी होती. पाच मिनिटांना माझ्या हिशोबानं साडेपाचशे शब्द पुरे, त्याच्या वर गेलं की पोरगं पळायला लागतं. 'सन्माननीय व्यासपीठ' पासून 'बालमित्रांनो' पर्यंतचं लांबण एका ओळीत आटपा, ती वीस सेकंद आईच्या प्रसंगाला लागतात.

उच्चार आठवडाभर आधी पक्के करा. लिंकन, लिंकॉल्न नाही. इलिनॉय, शेवटी स नाही. केंटकी, स्प्रिंगफील्ड, गेटिसबर्ग. सराव आधी अंगणात, मग दहा-बारा माणसांसमोर, मग एकदा माईकवर, गावातल्या देवळाचा माईक मागून घ्या, कुणी नाही म्हणत नाही. आरशासमोर करून घेऊ नका, पोरं स्वतःचे हातवारे बघत बसतात. कागद हातात देऊच नका, पण पहिलं आणि शेवटचं वाक्य झोपेतून उठवलं तरी यायला पाहिजे असं घोटून घ्या. मधलं विसरलं तर कुठल्या वाक्यावर उडी मारायची ते ठरवून ठेवा, मी चौथ्या मिनिटाच्या घंटेला जाहीरनामा असं ठरवते, म्हणजे घंटा वाजली की पोरगं घाबरण्याऐवजी तिथं जातं. आणि स्पर्धेच्या दिवशी सकाळी काहीही नवीन सांगू नका, दही-भात खाऊ घाला आणि बसला अर्धा तास आधी निघा.