डिक्टेशनमध्ये हायपो की हायपर? आजूबाजूचा आकडा ऐका
डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं डिक्टेशन ऐकून टाइप करताना ‘हायपोकॅलेमिया’ (रक्तात पोटॅशियम कमी) की ‘हायपरकॅलेमिया’ (पोटॅशियम जास्त) हे कळत नसेल, तर तेवढाच तुकडा दहादा ऐकू नका.

१. वेग ७५ टक्के करा, दोन वाक्यं मागे जाऊन सलग ऐका.
२. पोटॅशियमचा आकडा शोधा. २.८ असेल तर हायपो, ६.२ असेल तर हायपर.
३. औषधाचं नाव अडलं तर आजार बघा: हायड्रॅलाझिन रक्तदाबाला, हायड्रॉक्सिझिन खाजेला. २५ मिलिग्रॅमच्या गोळ्या दोन्हींच्या मिळतात, त्यामुळे नुसत्या डोसवर जाऊ नका.

‘इलियम’ तर कानाने सुटतच नाही. विषय आतड्याचा असेल तर स्पेलिंगमध्ये एलपुढे ई, कंबरेच्या हाडाचा असेल तर आय.

फिफ्टीन की फिफ्टी, हे मात्र अंदाजाने कधीच लिहू नका. जागा रिकामी सोडा, मिनिट-सेकंद नोंदवा आणि डॉक्टरांनाच विचारा.