अबोलीचं बी राखताना या चुका टाळा

संकर करून नवी अबोली काढायची म्हणून दर आगोटीला कुणीतरी पन्नास कुंड्या भरतं. मातृझाडं किती विचारावं, तर एकच! एका झाडाचे छाटून लावलेले पन्नास फाटे म्हणजे पन्नास वेळा तेच झाड.

सगळ्यात महाग पडतो तो ‘दिल्ली’ अबोलीचा मोह. रंग गडद, गजऱ्याला भाव. पण ती त्रिगुणित, म्हणजे पेशीत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, म्हणून बी धरत नाही, फाट्यांवरच चालते. एका नर्सरीत परसातली जुनी केशरी-पिवळी झाडं उपटून सगळे वाफे हिनेच भरले. श्रावणात पाणी तुंबलं, मर (झाड सुकवणारा रोग) लागली. मुळं कुजली ती सगळ्यांची सारखीच. मर सोसणारं एखादं झाड निवडायला झाडांत फरक लागतो, आणि तो तर आधीच उकिरड्यावर गेला होता.

बी निदान ३० झाडांचं घ्या, तेही वेगवेगळ्या वाड्यांतून. झाडात जनुकाच्या दोन प्रती धरल्या तर ६० होतात. मग जनुकाचा शंभरात पाच इतका विरळ प्रकारही हाती लागायची शक्यता ९५ टक्के. प्रत्येक झाडाचं बी सारखं मोजून घ्या. बोंडात जास्तीत जास्त चार बिया, म्हणजे झाडामागे वीस बिया हव्या तर पाच-सहा बोंडं. भरघोस धरणाऱ्या झाडाचं मूठभर घेतलंत, तर पुढची पिढी त्याचीच पोरं.

सुके तुरे मृगाआधी काढा. सुक्या बोंडाला पाणी लागलं की ते ताडकन फुटतं, बिया कुठल्या कुठे. काढायला उशीर होणार असेल, तर तुऱ्याला मलमलची पिशवी बांधा.

साठवणीत आपली दमट हवाच वैरी. बियांतला ओलावा एक टक्का कमी झाला की आयुष्य साधारण दुप्पट होतं, म्हणून नुसत्या डब्यावर भागत नाही. बी सावलीत सुकवा, मग तेवढ्याच वजनाच्या निळ्या सिलिका जेलसोबत घट्ट बाटलीत ठेवा. जेल गुलाबी झालं की बदला. बाटली फ्रिजमध्ये ठेवली असेल, तर काढल्याकाढल्या उघडायची घाई नको. हवेतलं पाणी थेट गार बियांवर बसतं. रात्रभर बंदच ठेवा.

चिठ्ठी पेन्सिलीने लिहा, मार्करची शाई उन्हात उडते.

सगळं बी एकाच घरात नको. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने श्रीवर्धनकडे छपरं नेली. अर्धं बी दुसऱ्या गावात मामाकडे असू द्या.