इंग्रजी बोलण्याचे सातत्यपूर्ण मूल्यमापन वर्गात कसे करावे

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले आणि महाराष्ट्रात तोंडीकाम हे आकारिक मूल्यमापनाचे, म्हणजे शिकणे चालू असतानाच होणाऱ्या मूल्यमापनाचे, एक साधनतंत्र ठरले. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच वर्गांत तोंडीकाम म्हणजे सत्र संपताना घोकून म्हटलेली दहा वाक्ये, एवढेच उरते. त्यातून पाठांतर कळते, बोलणे कळत नाही.

प्रथम निकष ठरवावेत. युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषा-आराखड्यात बोलण्याचे पाच पैलू सांगितले आहेत: शब्द व वाक्यरचनांची व्याप्ती, अचूकता, ओघ, संवादातील सहभाग आणि सुसंगती. पाचही एकदम तपासू पाहणाऱ्या शिक्षकाकडून एकही नीट तपासला जात नाही. म्हणून एका वेळी दोनच घ्यावेत. उच्चार ऐकणाऱ्याला समजला की पुरे. मराठी वळण हा दोष मानू नये.

पुढची पायरी कृतीच्या निवडीची, आणि सगळे मूल्यमापन तिच्यावरच उभे असते. जे आधी पाठ करता येणार नाही असेच काम द्यावे. उदाहरणार्थ, थोडेफार फरक असलेली दोन चित्रे जोडीतल्या दोघांना वाटावीत आणि एकमेकांना चित्र न दाखवता, केवळ इंग्रजीत विचारून ते फरक शोधायला सांगावेत. अशा वेळी मूल प्रश्न विचारते, अडते, शब्द आठवला नाही तर वर्णन करून वेळ निभावते. नोंदण्याजोगे असते ते हेच. मुले बोलत असताना चुका सुधारू नयेत. एखाद्याने मराठीत उत्तर दिले, तर त्याला ऐकलेले समजते एवढी नोंद तरी होतेच.

रोज चारच विद्यार्थ्यांकडे लक्ष द्यावे, म्हणजे चाळीस जणांचा वर्ग दहा दिवसांत पूर्ण होतो. नोंद त्याच दिवशी आणि नेमकी करावी. ‘बरे बोलतो’ हा शेरा निरुपयोगी आहे. ‘कालची घटना क्रमाने सांगतो, पण क्रियापदे वर्तमानकाळातच राहतात’ या नोंदीवरून पुढे काय शिकवायचे ते ठरते.

शक्य असल्यास काही संवाद पालकांच्या संमतीने मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावेत आणि दुसऱ्या शिक्षकाला ते स्वतंत्रपणे तपासायला द्यावेत. दोघांच्या श्रेणींत फार अंतर पडले, तर निकषांची भाषा अधिक स्पष्ट करावी. सत्राची श्रेणी ठरवताना सर्व नोंदींची सरासरी काढण्याऐवजी शेवटच्या काही नोंदींना अधिक वजन द्यावे, अन्यथा उशिरा बोलू लागलेल्या मुलाच्या गुणांतून सुरुवातीचे मौन वजा होत राहते.