डीटीडीत व्हॅल्यूंची यादी देताय? या चुका टाळा

तासगावातल्या एका अडत दुकानाचं बेदाण्याच्या सौद्याचं काम करत होतो, मागणी साधी होती, लॉटच्या टॅगवर रंग हिरवा, पिवळा नाहीतर काळा एवढंच लिहिता यावं, चौथं काही घुसायला नको. एक्सएमएल फाइलचे नियम डीटीडीत लिहितात, त्यातल्या ॲटलिस्टमध्ये (टॅगवर काय काय लिहिता येतं ते सांगणाऱ्या ओळीत) ते असं लिहिलं:

रंग (हिरवा|पिवळा|काळा) "हिरवा"

एवढ्या ओळीतसुद्धा चुका होतातच. सवयीनं कंसातल्या नावांनाही अवतरणचिन्हं लावली की पार्सर (फाइल वाचणारा प्रोग्राम) तिथंच बोंबलतो, चिन्हं फक्त शेवटच्या डिफॉल्टला (काही लिहिलं नाही तर आपोआप धरायच्या व्हॅल्यूला), आणि मधे स्वल्पविराम नाही, उभी रेघ. नावात स्पेस चालत नाही, म्हणून 'पिवळसर हिरवा' नको, पिवळसर-हिरवा लिहा. टक्का, स्लॅश बाद, पण आकड्यानं सुरुवात केलेली चालते. डिफॉल्ट यादीतलाच पाहिजे हे सांगायला नको, तरी यादी बदलताना तोच विसरतो आपण.

मला खरा फटका बसला तो त्या डिफॉल्टचाच. दुकानातला पोरगा एका काळ्या लॉटला रंग टाकायचाच विसरला, आणि डीटीडी फाइलच्या डोक्यावरच असल्यामुळं पार्सरनं गुपचूप हिरवा भरून टाकला, कुठं एरर नाही काही नाही, शेतकरी पट्टी घेऊन दारात आला तेव्हा शेठनी मला फोन लावला. गंमत म्हणजे व्हॅलिडेशन, म्हणजे फाइल डीटीडीशी ताडून बघणं, बंद असलं तरी असा डिफॉल्ट भरला जातो, पण त्याच वेळी कुणी 'तपकिरी' लिहिलं तर ते मात्र बिनबोभाट आत जातं! म्हणून आता मी डिफॉल्ट देतच नाही, तिथं हॅश रिक्वायर्ड (#REQUIRED, म्हणजे रंग लिहायलाच हवा) टाकतो, आणि एक्सएमएललिंट हे फाइल तपासायचं टूल चालवताना व्हॅलिडचा (--valid) ऑप्शन आठवणीनं देतो, नुसतं चालवलं तर तो फक्त टॅग नीट उघडले-मिटलेत का तेवढंच बघतो. रंग खरंच ऐच्छिक असेल तर हॅश इम्प्लाइड (#IMPLIED).

अजून एक, हे इंग्रजीवाल्यांना कळणार नाही. प्रतीच्या यादीत 'दुसऱ्या-प्रतीचा' आहे, फाइलमध्येही तेच दिसतंय, तरी एरर! अर्धा दिवस गेला माझा. एका कीबोर्डवर ऱ हे एकच अक्षर उमटत होतं, दुसऱ्यावर र आणि खाली नुक्ता (टिंब) अशी दोन. डोळ्याला सारखं, पार्सरला वेगळं. तेव्हापासून यादीत जोडाक्षरंच ठेवत नाही, 'दोन-नंबर' लिहितो सरळ.