स्वतःची खरी गोष्ट माईकवर कशी सांगायची

मित्रांच्या घोळक्यात किस्सा रंगवणारी माणसं स्टेजवर तोच किस्सा सांगताना का आपटतात माहितीये? मित्रांना तुम्ही आधीपासून माहीत असता. तुमचं आणि भावाचं का पटत नाही, बॉस कसा खडूस आहे, हे त्यांना सांगावं लागत नाही आणि काही कळलं नाही तर ते मधेच थांबवून विचारतात. समोर बसलेले अनोळखी लोक विचारत नाहीत, पान उलटून मागेही जाऊ शकत नाहीत, एकदा कानावरून गेलं ते गेलं. त्यामुळे तयारी करायची ती या कानासाठी, कागदासाठी नाही.

गोष्ट निवडताना बरेच जण आयुष्यातली सगळ्यात मोठी घटना शोधायला जातात, अपघात, ब्रेकअप, परदेशवारी वगैरे. पण ट्रेकला रस्ता चुकलो, रात्रभर भटकलो, सकाळी सापडलो, बरं मग? त्या रात्री तुम्हाला काय हवं होतं, काय हातातून जायची भीती होती, आणि सकाळी परत आलेला माणूस आदल्या दिवशीचाच होता का? याला उत्तर नसेल तर तो किस्सा गप्पांसाठी ठेवा, तिथे तो मस्त चालेल. उलट एखादी छोटीशी गोष्ट, कुणाला तरी फोन करायचा राहिला इतकीच, पण त्यात तुमचा जीव अडकलेला असेल तर ती पुरते.

आता हे बघा. समजा एकाची नोकरी गेली आणि त्याने घरी सांगितलंच नाही. तो स्टेजवर म्हणतो, "माझी नोकरी गेली तेव्हा मी फार खचलो होतो, घरी सांगायची हिंमत होत नव्हती." खरं आहे, पण ऐकणाऱ्याला दिसत काहीच नाही. तोच म्हणाला, "सोमवारी सकाळी साडेआठला मी बूट घालत होतो. बाबा आतून लॅपटॉपचा चार्जर घेऊन आले, म्हणाले, अरे हा राहिला की. मी तो घेतला, बॅगेत टाकला. लॅपटॉप कंपनीने शुक्रवारीच काढून घेतला होता." झालं. खचलो, लाज वाटली, यातला एक शब्दही नाही आणि तरी सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. अख्खी गोष्ट अशी सांगता येत नाही, वेळ पुरणार नाही, पण निदान दोनतीन प्रसंग असे जवळून दाखवा आणि मधला काळ एका वाक्यात उडवा, "असे तीन आठवडे गेले" एवढं बास.

सुरुवात थेट प्रसंगातून. नमनाला घडाभर तेल नको, "आज मी तुम्हाला एक गोष्ट सांगणार आहे जी माझ्या खूप जवळची आहे" हे वाक्य तर कापाच. आणि पहिल्या मिनिटातच कळू द्या की तुमचं काय पणाला लागलंय. नावं कमी ठेवा, तीनच्या वर माणसं आली की ऐकणारा गोंधळतो, त्यापेक्षा "माझा रूममेट", "वरच्या मजल्यावरच्या काकू" हे लक्षात राहतं. फ्लॅशबॅकमध्ये फ्लॅशबॅक तर अजिबात नको.

खरं म्हणजे किती खरं, हा प्रश्न येतोच. वीस वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः कुणालाच आठवत नसतात, आशय तोच ठेवून बोलायला हरकत नाही. फाफटपसारा गाळा, तेही चालतं. पण जे घडलंच नाही ते घालायचं नाही, भले त्याने हशा पिकणार असला तरी, माझं मत यात कडक आहे. आणि गोष्टीतली दुसरी माणसं? त्यांनी माईक मागितलेला नाहीये. ज्याचं गुपित उघडं पडणार आहे त्याला आधी विचारा, तो नाही म्हणाला तर दुसरी गोष्ट शोधा. तुम्ही स्वतः अजून त्या प्रकरणातून बाहेर आला नसाल तर थोडं थांबा. टेस्ट सोपी आहे, सगळ्यात अवघड वाक्य एका जवळच्या माणसाला मोठ्याने सांगून बघा. डोळे भरून आले तर ठीक, पण पुढे बोलताच येत नसेल तर ऑडियन्सला गोष्ट राहते बाजूला, तुमचीच काळजी लागते.

अशा गोष्टींसाठी प्रसिद्ध असलेली 'द मॉथ' ही संस्था जॉर्ज डॉस ग्रीन यांनी १९९७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केली. त्यांच्या ओपन स्लॅममध्ये, म्हणजे कुणीही नाव देऊ शकतं अशा गोष्ट सांगण्याच्या स्पर्धेत, गोष्ट खरी आणि स्वतःची हवी, हातात कागद नाही आणि वेळ ५ मिनिटं. ५ मिनिटं म्हणजे सावकाश बोललात तर साधारण ६०० शब्द, त्यातही लोक हसले की वेळ खातात. म्हणून घरी साडेचार मिनिटांत बसवा.

पाठांतर मात्र करू नका. पाठ केलेलं लगेच ऐकू येतं, आवाज सपाट होतो आणि एक शब्द निसटला की पुढची लाईनच सापडत नाही. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं ठेवा, मधे फक्त प्रसंगांचा क्रम, बूट, चार्जर, बागेतलं बाकडं, बाबांचा फोन, असा. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका, कंटाळवाणं काम आहे पण "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" किती वेळा येतं ते तिथेच कळतं आणि जिथे ऐकताना तुमचंच लक्ष उडतं तो भाग कापायचा.

शेवट मात्र लोक हमखास बिघडवतात. बाबांना कळलं, ते काय म्हणाले ते सांगितलं, थांबा ना! त्यावर "तर मित्रांनो यातून मी शिकलो की" सुरू झालं की इतका वेळ केलेलं सगळं पाण्यात. ऐकणाऱ्यांना कळलेलं असतं.

स्टेजवर गेल्यावर आधी माईक तोंडाच्या उंचीला आणा, एक श्वास घ्या, मग बोला. हशा आला तर तो ओसरू द्या, त्यावर बोललात तर पुढचं वाक्य कुणालाच ऐकू जाणार नाही. हात थरथरले तरी मागच्या रांगेला दिसत नाहीत. आणि मधेच डोकं ब्लँक झालं तर "सॉरी, विसरलो" म्हणू नका, गोष्ट त्यांना माहीतच नाहीये, काय सुटलं ते फक्त तुम्हाला कळतं. सरळ पुढचा प्रसंग घ्या. सुटलेलं फारच गरजेचं असेल तर "हां, एक सांगायचं राहिलं" म्हणून तिथेच घालून टाका आणि चालू राहा.