परदेशात शिकताना तिथल्या स्थलांतरितांवर छोटी डॉक्युमेंट्री करायची असेल तर, खास नाशिकच्या पोरापोरींसाठी

दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतल्या कोणाच्या तरी मुलाचा नाहीतर मुलीचा फोन येतो, दादा व्हिसा झाला, कोर्समध्ये एक शॉर्ट डॉक्युमेंट्री करायचीये, तिथल्या इमिग्रंट लोकांवर करावी म्हणतोय, कॅमेरा कुठला घेऊ? आणि मी प्रत्येकाला तेच सांगतो, कॅमेऱ्याचं मागून बघू, आधी तुला कोणाच्या दुकानात महिनाभर जाऊन बसता येईल ते शोध. फोनवर सगळं सांगून होत नाही म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी बर्लिनला मास्टर्स करताना तिथल्या व्हिएतनामी लोकांवर नऊ मिनिटांची फिल्म केली होती, त्यामुळे उदाहरणं बरीचशी तिथलीच येतील.

पहिली गोष्ट नाशिकमध्येच करायची. निघायच्या आधी दोन-तीन महिने हातात असतात, ते सगळे शॉपिंग आणि निरोपाच्या जेवणांत घालवू नका. सातपूर-अंबडला यूपी-बिहारहून आलेले कामगार चार-पाच जण मिळून खोली करून राहतात, देवळाली कॅम्पात फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबं आहेत, यातल्या कोणा एकावर फोनवरच तीन मिनिटांची फिल्म करून बघा. अनोळखी माणसाच्या घरात शिरून त्याला स्वतःबद्दल बोलतं करणं किती अवघड असतं ते इथेच कळू दे, भाषा येत असताना. आपल्या त्र्यंबकचे दादासाहेब फाळके १९१२ ला लंडनहून कॅमेरा घेऊन आले आणि पैसे लावणाऱ्याला दाखवण्यासाठी त्यांनी आधी काय शूट केलं, तर कुंडीत पेरलेला वाटाणा कसा उगवतो आणि वाढतो, एकेक फ्रेम घेत. डोळ्यासमोर आहे त्यावर आधी हात बसवायचा.

शिवाय स्थलांतरित म्हणजे फक्त तिकडचे असं डोक्यात असेल तर शरणपूर रोडवरून जाताना त्या नावाचा जरा विचार करा. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या त्या शरणपुरात गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं राहायची, शिकायची, सुतारकाम-लोहारकाम करायची. आफ्रिकेत फिरलेला संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याचं पार्थिव १८७४ मध्ये लंडनला पोचलं तेव्हा सोबत असलेला जेकब वेनराइट याच शाळेत शिकलेला, इंग्रजीत या मुलांना नासिक बॉईज म्हणायचे, आणि पुढे त्यातले बरेच जण केनियातल्या मोंबासाजवळच्या फ्रिअरटाऊनला जाऊन राहिले. मला हे बर्लिनला गेल्यावर एका लेक्चरमध्ये कळलं आणि फार वाईट वाटलं, आयुष्यभर त्याच रस्त्यावरून सायकल चालवली होती.

आता विषय. "बर्लिनमधले व्हिएतनामी" हा विषय नाही, ते पुस्तकाचं काम झालं. "एक बाई, तिचं फुलांचं दुकान, पहाटे चार ते दुपारी दोन" हा विषय आहे. आठ-दहा मिनिटांत एक माणूस, एक जागा आणि एक प्रश्न एवढंच मावतं. पण वाचन मात्र सगळ्या समाजाचं करायचं, नाहीतर समोरचा माणूस काय सांगतोय ते तुम्हाला कळणारच नाही. माझ्याच बाबतीत सांगतो, मला वाटायचं व्हिएतनामी म्हणजे सगळे एक. नंतर वाचलं की पूर्व जर्मनीने १९८० ला व्हिएतनामशी करार करून कामगार आणले, बर्लिनची भिंत पडली तेव्हा असे साठेक हजार लोक तिथल्या कारखान्यांत होते, आणि पश्चिम जर्मनीत आलेले ते वेगळे, १९७५ नंतर दक्षिण व्हिएतनाममधून बोटींनी पळालेले. म्हणजे एकाच शहरात, एकीकडे कम्युनिस्ट सरकारने पाठवलेले आणि दुसरीकडे त्याच सरकारपासून पळून आलेले. हे माहीत नसताना मी एका आजोबांना विचारलं की तुम्ही पण करारावर आलात का, आणि त्यांचा चेहरा उतरला. तो इंटरव्ह्यू तिथेच संपला. त्यामुळे कुठल्याही समाजाबद्दल तीन गोष्टी आधी शोधा: लोक कोणत्या वर्षी आले, कोणी बोलावलं किंवा कोणी हाकललं, आणि त्यांच्यात आपापसात कशावरून बोलणं होत नाही. तुर्की लोकांवर करणार असाल तर १९६१ चा जर्मनी-तुर्कस्तान कामगार भरती करार आणि १९७३ ची भरतीबंदी, इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गुजरात्यांवर करणार असाल तर १९७२ ला युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना देश सोडायला दिलेले ९० दिवस, एवढं तरी तोंडपाठ पाहिजे.

महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीवर करू का असं खूप जण विचारतात. करा, पण मिरवणूक आणि नाशिक ढोल सोडून. ती फिल्म सगळ्यांनी केलीये. त्यापेक्षा आदल्या रात्री ज्या घरात पन्नास जणांचे मोदक वळले जातात तिथे जाऊन बसा.

मग कॅमेरा न घेता जायचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कमी लोक करतात. बर्लिनच्या लिश्टेनबर्ग भागात डाँग श्वान सेंटर म्हणून मोठं व्हिएतनामी मार्केट आहे, एम८ ट्रामने जाता येतं, तिथे मी पाच आठवडे फक्त भाजी, नूडल्स घ्यायला आणि सूप प्यायला गेलो. गिऱ्हाईक व्हा. काउंटरवरच्या माणसाला तुमचा चेहरा ओळखीचा होऊ दे, त्याला तुम्हाला प्रश्न विचारू दे, तू कुठला, आई काय करते, थंडी सोसते का. आपल्याला इथे एक मोठा फायदा आहे तो वापरा, आपण स्वतः बाहेरून आलोय, आपल्यालाही परमिटसाठी ऑफिसात ताटकळावं लागतं, आणि तिथल्या भाषेत आपणही अडखळतो. मी द्राक्षांच्या गावाहून आलोय, मामाची बाग आहे, अवकाळी गारपिटीने एका रात्रीत सगळं जातं असं सांगितलं तेव्हा फुलवाली मावशी पहिल्यांदा तिच्या गावच्या भातशेतीबद्दल बोलायला लागली. आपण काहीच द्यायचं नाही आणि समोरच्याने मात्र सगळं सांगायचं, असं होत नाही.

परवानगी एकदा सही घेतली की झाली असं समजू नका. ती तीनदा घ्यायची, शूटच्या आधी, शूट झाल्यावर आणि एडिट बघितल्यावर. कागद त्यांना वाचता येणाऱ्या भाषेत पाहिजे, आणि त्यात हे साफ लिहायचं की फिल्म कुठे दाखवणार, वर्गात की फेस्टिव्हलला की यूट्यूबवर, आणि नाव किंवा चेहरा नको असेल तर तसं सांगता येईल. जर्मनीत कोणाचं खाजगी बोलणं चोरून रेकॉर्ड करणं हा फौजदारी गुन्हा आहे, आणि कोणाचा फोटो-व्हिडिओ लोकांसमोर आणायला त्याची संमती लागते हा कायदा १९०७ पासूनचा आहे, वर २०१८ पासून युरोपचा डेटा संरक्षण कायदाही (GDPR) आहेच. मार्केट, मॉल, मेट्रो स्टेशन इथे जागेच्या मालकाची वेगळी परवानगी लागते, ती ईमेलने मागा आणि उत्तर जपून ठेवा. आणि ज्याचे कागदपत्र अजून अडकलेत, आश्रयाची केस चालू आहे, त्याचा चेहरा, घराचा दरवाजा, कामाची जागा यातलं काही दाखवायचं नाही, त्याने स्वतः हो म्हटलं तरी नाही. त्याला तेव्हा अंदाज नसतो, आपल्याला असायला पाहिजे.

आणखी एक, तुमच्या स्वतःच्या व्हिसाचं. कोणी म्हणालं माझ्या रेस्टॉरंटचा पण एक व्हिडिओ करून दे, पैसे देतो, तर नाही म्हणा. यूकेच्या स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदा किंवा फ्रीलान्स चालत नाही, जर्मनीत त्यासाठी वेगळी परवानगी लागते.

सामानाचं लवकर आटपतो. फोन पुरतो. पैसे माइकवर घाला, कॉलरला लावायचा वायरवाला माइक हजार-दीड हजारात एम. जी. रोडला मिळून जाईल, सोबत फोनला लागणारं कनेक्टर घ्यायला विसरू नका. युरोपात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटर १/५० सेकंद ठेवा कारण तिथली वीज आपल्यासारखीच ५० हर्ट्झची आहे, अमेरिका-कॅनडात ६० हर्ट्झ, तिथे ३० फ्रेम आणि १/६०, नाहीतर दुकानातल्या ट्यूबलाइट फडफडताना दिसतात. डिसेंबरात बर्लिनमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे क्लास संपवून शूटला जाऊ असं प्लॅनिंग हिवाळ्यात चालत नाही. थंडीत बॅटरीही पटापट उतरते, पॉवरबँक आतल्या खिशात ठेवा.

आवाजाबद्दल मात्र बोलतोच. लोक हलणारं चित्र माफ करतात, न कळणारा आवाज करत नाहीत. हेडफोन लावून ऐकल्याशिवाय रेकॉर्डिंग सुरू करू नका. घरात इंटरव्ह्यू असेल तर विचारून फ्रिज बंद करा आणि तुमच्या रूमची चावी त्या फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे निघताना फ्रिज परत चालू करायचं विसरणारच नाही. शेवटी सगळ्यांना एक मिनिट गप्प बसायला सांगून त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करा, एडिटमध्ये दोन वाक्यं जोडताना तीच खाली टाकायची असते.

प्रश्न विचारताना "कसं वाटलं" हे विचारू नका, उत्तर "छान" नाहीतर "कठीण" एवढंच येतं. विचारा, आलात तेव्हा बॅगेत काय होतं? पहिल्या पगारातून काय घेतलं? पहिलं पत्र कोणाला लिहिलं, त्यात काय खोटं लिहिलं? हा शेवटचा प्रश्न मी घाबरत विचारला होता आणि मावशी हसली, म्हणाली, लिहिलं होतं की इथे खूप ऊन असतं. उत्तर संपलं की लगेच पुढचा प्रश्न नको, मनात पाच मोजा, बऱ्याचदा खरी गोष्ट त्या पाचात येते.

भाषा त्यांचीच राहू द्या. मोडक्या जर्मनमध्ये किंवा इंग्रजीत बोलायला लावलं की पन्नाशीतली शहाणी बाई पडद्यावर पाच वर्षांच्या मुलीसारखी दिसते, हा मोठा अन्याय आहे. दुभाषा लागेल, पण शक्यतो त्यांचा मुलगा-मुलगी नको. मुलं आईवडलांचं दुःख गाळून सांगतात, आणि आईवडील मुलांसमोर बोलतही नाहीत. युनिव्हर्सिटीत त्या भाषेचा एखादा विद्यार्थी मिळतो, त्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या, आणि सबटायटल झाल्यावर दुसऱ्याच कोणाकडून एकदा तपासून घ्या. सबटायटल दोन ओळींच्या वर नको. मराठी सबटायटल टाकणार असाल तर एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटतायत का ते आधीच बघा, प्रीमियरमध्ये टेक्स्टच्या सेटिंगला साउथ एशियन हा पर्याय निवडावा लागतो, फॉन्ट मुक्त (Mukta) किंवा नोटो (Noto) चालतात.

एडिटला बसायच्या आधी सगळं बोलणं कागदावर उतरवून काढा. कंटाळवाणं काम आहे, पण माझ्याकडे पाच तासांचं फुटेज होतं आणि फिल्म कागदावरच सापडली. फुटेज रोजच्या रोज दोन ठिकाणी कॉपी करा, लॅपटॉप आणि एक वेगळी हार्डडिस्क.

आणि मग कट तयार झाला की सगळ्यात आधी त्यांना दाखवा, प्रोफेसरच्या आधी. माझ्या फिल्ममध्ये मावशीने सांगितलं होतं की भिंत पडल्यावर कारखाना बंद झाला तेव्हा नवऱ्याने काही महिने स्टेशनबाहेर चोरीच्या मार्गाने आलेल्या सिगारेटी विकल्या, त्या काळात अनेकांनी विकल्या. माझ्या दृष्टीने तो फिल्मचा सगळ्यात ताकदीचा भाग होता. तिने सही केलेली होती, कॅमेऱ्यासमोर स्वतःहून सांगितलं होतं. पण लॅपटॉपवर बघताना ती एकदम गप्प झाली आणि नंतर एवढंच म्हणाली की माझी सून हे बघेल. मी दोन दिवस झोपलो नाही, सबमिशन चार दिवसांवर, त्या चाळीस सेकंदांवर सगळी रचना उभी होती. काढलं. त्या जागी ती पहाटे फुलांच्या बादल्या भरते तो लांब शॉट ठेवला, पाण्याचा आवाज आणि बाकी काही नाही. मार्क थोडे कमी पडले असतील, पण पुढच्या हिवाळ्यात मी त्या दुकानात परत जाऊ शकलो.

फिल्म झाली की त्यांना पेनड्राइव्हवर त्यांच्या टीव्हीवर चालेल अशी कॉपी द्या, लिंक पाठवून मोकळे होऊ नका. फेस्टिव्हलला पाठवायची असेल तर परत विचारा. यूट्यूबवर टाकायची असेल तर परत विचारा. आणि तीन वर्षांनी मेसेज आला की आता काढून टाक, तर कारण न विचारता त्याच दिवशी काढा.