डीव्हीडीवर किती मावतं? फाइल नको, मिनिटं बघा

नाटकांचं आणि नृत्याच्या कार्यक्रमांचं शूटिंग करून त्यांच्या डीव्हीडी तयार करणं हे माझं रोजचं काम. नवखा माणूस ऑथरिंगचं, म्हणजे व्हिडिओपासून डीव्हीडी तयार करण्याचं, सॉफ्टवेअर उघडतो, समोर ‘४.७ जीबी’ आणि ‘८.५ जीबी’ असे पर्याय येतात आणि तो आधी आपल्या फाइलची साइज बघतो. पण तुमची एमपी४ फाइल दीड जीबीची असो की बारा जीबीची, इथे त्याने काहीच फरक पडत नाही. टीव्हीच्या प्लेअरवर चालणाऱ्या डीव्हीडीसाठी व्हिडिओ एमपेग-२ या प्रकारात नव्याने एन्कोड होतो. त्याची साइज ठरते दोनच गोष्टींवर: मिनिटं किती आणि बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला लागणारा डेटा, किती.

मिनिटं आपल्या हातात नसतात, म्हणून बिटरेट काढायचा. माझा हिशोब सोपा आहे. ४.७ च्या डिस्कसाठी ६०० ला मिनिटांनी भागायचं, ८.५ च्या डबल लेयर, म्हणजे दोन थरांच्या, डिस्कसाठी ११०० ला. येईल तो आकडा एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट), चित्र आणि आवाज मिळून. मेनूसाठी थोडी जागा यात आधीच सोडलेली आहे.

१०० मिनिटांचं नाटक घ्या. ६०० भागिले १००, म्हणजे ६. साध्या डिस्कवर छान बसतं. तेच नाटक १६० मिनिटांचं असेल तर पावणेचारच्या आसपास येतं, आणि इथे मी सरळ डबल लेयर घेते. कमी बिटरेटचा पहिला फटका अंधाराला बसतो. मंचावर एकच स्पॉट आहे, मागे काळा पडदा आहे, आणि त्या पडद्यावर चौकोनी ठिपके वळवळायला लागतात. नर्तकीने गिरकी घेतली की घेराच्या कडा फुटतात. चांगल्या प्रयोगाची अशी दशा बघवत नाही. खुर्चीत बसून बोलणाऱ्या माणसाची मुलाखत मात्र ४ वरही नीट दिसते.

उलट, कार्यक्रम तासाभराचाच असेल तर भागाकार १० येतो. तो तसाच टाकू नका. डीव्हीडी व्हिडिओची मर्यादा सगळं मिळून १०.०८ आहे, आणि जुने प्लेअर तिच्या जवळ गेलं की अडखळतात. मी ८ च्या वर जात नाही. उरलेली जागा रिकामी राहू द्या.

आवाजाकडे सहसा कुणी बघत नाही. पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, ठेवलात तर एकटा आवाज दीड एमबीपीएस खातो. डॉल्बी डिजिटल या दाबलेल्या आवाजाला ०.२ ते ०.२५ पुरतं. वाचलेलं सगळं चित्राला मिळतं.

कोरी डिस्क विंडोजमध्ये ४.३८ जीबी दिसते, ती खराब नाही. डिस्कवर छापताना १०० कोटी बाइट म्हणजे एक जीबी धरतात, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं. पण ती काठोकाठ भरू नका. लिखाण आतून बाहेर सरकत जातं, आणि कडेपाशी बोटांचे डाग, ओरखडे जास्त असतात. शेवटच्या प्रवेशात अडकणाऱ्या कितीतरी डीव्हीडींचं कारण हेच असतं.

डबल लेयर घेतलीत तर सॉफ्टवेअरमध्येही तोच पर्याय निवडा, नाहीतर ते सगळं ४.७ मध्येच दाबून बसवेल. लेयर बदलताना बरेच प्लेअर क्षणभर थांबतात. ती जागा निवडता येत असेल तर मध्यंतराच्या काळ्या पडद्यावर ठेवा. ऐन संवादात नको. जुन्या प्लेअरना डबल लेयर कधी कधी वाचताच येत नाही. प्रती अनेकांना वाटायच्या असतील तर मी मध्यंतराला तोडून दोन साध्या डिस्क करते.

८ सेंटिमीटरची १.४ जीबीची छोटी डिस्कही यादीत असते. ती अर्ध्या तासापर्यंतच्या कामाला ठीक, पण डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये घालू नका, अडकून बसेल.

सगळं ठरलं की पहिली प्रत पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवर काढा आणि सगळ्यात अंधारा प्रसंग टीव्हीवर बघा. पडदा स्वच्छ काळा दिसला तर बाकीच्या प्रती बर्न करायला घ्या.